वाचकांचे प्रश्न : वेबसाइटवरच्या चित्रांसाठी फॉरमॅट कोणता निवडावा?

या वेळी चित्रांच्या फाइलींबद्दल आलेले प्रश्न एकत्र घेतले आहेत. जेपेग, वेबपी, एव्हिफ, पीएनजी ही चित्र साठवण्याच्या फॉरमॅटांची नावं. उत्तरांत ‘वजन’ म्हणजे फाइल किती केबी किंवा एमबीची आहे ते, आणि ‘माप’ म्हणजे चित्राची रुंदी-उंची पिक्सेलमध्ये.

प्रश्न : माझी छायाचित्रांची वेबसाइट आहे. कॅमेऱ्यातले जेपेग फोटो जसेच्या तसे चढवले होते. पान उघडायला वेळ लागतो म्हणून सगळे वेबपीमध्ये बदलले. फाइली हलक्या झाल्या, पण मोबाइलवर पान अजूनही अडखळतं. आता एव्हिफ करून पाहू का?

उत्तर : आधी मापं बदला, मग एव्हिफचं बघू. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातला फोटो ६००० × ४००० पिक्सेलचा असतो. तो वेबपीत नेला तरी पिक्सेल तेवढेच राहतात. दाखवण्यासाठी ब्राउझरला फाइल उलगडावी लागते आणि पूर्ण मापात उलगडलेल्या चित्राला दर पिक्सेलमागे साधारण ४ बाइट जागा लागते. म्हणजे एका फोटोला सुमारे ९६ एमबी. फाइल ५ एमबीची जेपेग असो की दीड एमबीची वेबपी, ही जागा तेवढीच. पानावर असे दहा-बारा फोटो असले की साधा मोबाइल दमतो.

पानावर तो फोटो दिसतो केवढा, हे बघा. समजा, ८०० पिक्सेल रुंदीच्या चौकटीत दिसतो. दाट पिक्सेलांच्या स्क्रीनसाठी दुप्पट धरू : १६०० × १०६७. हे झाले १७ लाख पिक्सेल, उलगडल्यावर जेमतेम ७ एमबी. २ कोटी ४० लाख पिक्सेलांवरून १७ लाखांवर, म्हणजे मूळच्या चौदाव्या हिश्शावर, आणि फॉरमॅटला अजून हातही लावलेला नाही. तिप्पट दाट स्क्रीनचे मोबाइल आहेत म्हणून तिप्पट मापाची प्रत काढू नका. फोटोमध्ये दुपटीच्या पुढचा फरक डोळ्याला जवळजवळ कळत नाही, वजन मात्र वाढतच जातं.

मूळ फोटोवरून ४८०, ८००, १२०० आणि १६०० पिक्सेल रुंदीच्या चार प्रती काढा. पानाच्या एचटीएमएल कोडमधल्या इमेज टॅगच्या ‘सोर्ससेट’मध्ये चारही द्या आणि प्रत्येकीपुढे तिची रुंदी लिहा. सोबत चित्र पानावर किती रुंद दिसेल हे सांगणारं ‘साइझेस’ हवंच. ते दिलं नाही तर चित्र स्क्रीनच्या पूर्ण रुंदीचं आहे असं ब्राउझर धरून चालतो आणि तीन स्तंभांच्या मांडणीतल्या लहान चौकटीसाठीही गरजेपेक्षा मोठी प्रत उतरवून घेतो. चार प्रती केल्या तरी फरक पडला नाही अशी तक्रार असते तिथे बहुतेक वेळा हेच राहिलेलं असतं. रुंदी आणि उंची टॅगमध्ये आकड्यांत लिहा, म्हणजे फोटो येण्याआधीच त्याची जागा राखली जाईल आणि मजकूर वाचता वाचता खाली ढकलला जाणार नाही. खालच्या फोटोंना लेझी लोडिंग लावा, म्हणजे वाचक जवळ पोचल्यावरच ते मागवले जातील. उघडताक्षणी दिसणाऱ्या मुख्य फोटोला ते चुकूनही लावू नका, कारण मग तो मागवायलाच ब्राउझर उशीर करतो. त्या एका फोटोला ‘फेचप्रायॉरिटी’ हाय द्या, म्हणजे तो आधी मागवला जाईल.

आता फॉरमॅट. जेपेग १९९२ चं, सगळीकडे चालणारं. वेबपी गूगलनं २०१० मध्ये आणलं. सफारीनं ते २०२० मध्ये, चौदाव्या आवृत्तीत स्वीकारल्यापासून सगळ्या प्रमुख ब्राउझरांत चालतं. एव्हिफचं पहिलं स्पेसिफिकेशन २०१९ चं. क्रोममध्ये ते २०२० मध्ये आलं, फायरफॉक्समध्ये २०२१ मध्ये, सफारीत २०२२ मध्ये आणि एजमध्ये अगदी २०२४ च्या जानेवारीत. फोटोंच्या बाबतीत दिसायला सारख्याच दर्जाची एव्हिफ फाइल सहसा सर्वांत हलकी निघते, त्यानंतर वेबपी, मग जेपेग. पण मोझजेपेगसारख्या चांगल्या एन्कोडरनं (फाइल दाबून तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरनं) केलेलं जेपेग वेबपीच्या बरंच जवळ जातं.

म्हणून फोटोंसाठी आमचा सल्ला दोनच प्रतींचा : एव्हिफ आणि जेपेग. तिन्ही ठेवायच्या तर चार मापांच्या बारा फाइली होतात आणि मधल्या वेबपीला गिऱ्हाईक फार थोडं उरतं. जेपेग तर लागतंच, कारण जुनी उपकरणं, ईमेल आणि दुवा शेअर केल्यावर दिसणारं चित्र या सगळ्यांसाठी तेच भरवशाचं. दोन प्रती सांभाळणं शक्यच नसेल आणि एकच फाइल ठेवायची असेल, तर वेबपी ठेवा.

एकाच चित्राच्या वेगवेगळ्या प्रती पिक्चर टॅगमध्ये देता येतात. त्यात एव्हिफचा सोर्स आधी, त्याच्यावर ‘टाइप’ लिहिलेला, आणि शेवटी इमेज टॅगमध्ये जेपेग. हा क्रम महत्त्वाचा आहे. ब्राउझर यांतली सर्वांत हलकी फाइल शोधत बसत नाही. वरून खाली येताना आपल्याला समजणारा पहिला प्रकार घेतो आणि थांबतो. जेपेगचा सोर्स वर ठेवला तर खालच्या एव्हिफकडे कोणी बघणार नाही. आणखी एक : एव्हिफचा पत्ता चुकला आणि सर्व्हरवर फाइल सापडली नाही, तर ब्राउझर पुढच्या सोर्सकडे वळत नाही. चित्राच्या जागी तुटकं चिन्ह दिसतं. त्यामुळे प्रती काढण्याचं काम मधेच अडलं तर पानावर अर्धवट टॅग जाणार नाही, याची तजवीज ठेवा.

प्रश्न : सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या लेखांत मी स्क्रीनशॉट टाकते. जेपेग केलं की अक्षरांभोवती धुरकट डाग दिसतात. काळ्या पार्श्वभूमीवरची लाल अक्षरं तर पार फिसकटतात. सेव्ह करताना दर्जाचा आकडा ९५ ठेवूनही फार फरक पडत नाही. असं का?

उत्तर : दोन वेगळ्या गोष्टी एकाच वेळी घडताहेत.

जेपेग चित्राचे ८ × ८ पिक्सेलांचे ठोकळे पाडतं आणि प्रत्येक ठोकळा हळुवार चढ-उतारांच्या लहरींत मांडतं. आकाश, त्वचा, भिंत अशा गोष्टींना हे छान मानवतं. अक्षराची कड मात्र एका पिक्सेलवर पांढरी आणि लगेच पुढच्यावर काळी असते. अशी तीव्र उडी मांडायला बारीकातल्या बारीक लहरी लागतात आणि दाबताना सगळ्यांत आधी त्याच गाळल्या जातात. मग उरलेल्या लहरींचे तरंग अक्षराभोवती, ठोकळ्याच्या हद्दीपर्यंत पसरतात. तुम्हाला दिसणारे डाग ते हेच. दर्जा वाढवला की हे कमी होतात.

लाल अक्षरांची गोष्ट निराळी. जेपेग रंग लाल-हिरवा-निळा असा न ठेवता एक उजेडाचा आणि दोन रंगाचे अशा तीन थरांत ठेवतं. बहुतेक सॉफ्टवेअर रंगाचे थर ४:२:० पद्धतीनं साठवतात, म्हणजे २ × २ अशा चार पिक्सेलांना मिळून रंग एकच. डोळ्याला उजेडातला बारकावा रंगातल्या बारकाव्यापेक्षा जास्त कळतो, म्हणून फोटोत हे खपून जातं. पण शुद्ध लालाचा उजेड २५५ पैकी फक्त ७६ भरतो, निळ्याचा तर २९. काळ्यावरच्या पांढऱ्या अक्षराची कड उजेडाच्या थरात लख्ख असते. लाल अक्षराची कड मात्र बरीचशी रंगाच्या थरात असते, आणि तो थर आधीच निम्म्या बारकाव्याचा झालेला. दर्जाचा आकडा ९५ केला तरी ही निम्मी झालेली बारकाई परत येत नाही. जेपेगच वापरायचं असेल तर ‘क्रोमा सबसॅम्पलिंग’ ४:४:४ करा, म्हणजे प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा रंग. काही सॉफ्टवेअर ठरावीक दर्जाच्या वर ते आपोआप करतात, काही करत नाहीत. लॉसी, म्हणजे बारकावे गाळणाऱ्या, वेबपीत हा पर्यायच नाही, ते कायम ४:२:० असतं. एव्हिफमध्ये आहे.

स्क्रीनशॉटला खरं म्हणजे लॉसलेस, काहीही न गाळणारा फॉरमॅट हवा : पीएनजी किंवा लॉसलेस वेबपी. पीएनजी प्रत्येक पिक्सेलचा अंदाज डावीकडच्या आणि वरच्या शेजाऱ्यांवरून बांधतं आणि फक्त चूक किती झाली तेवढंच साठवतं. सपाट रंगाच्या खिडक्या आणि सरळ रेषा असल्या की अंदाज बरोबर येतात, चूक शून्य, फाइल हलकी. फोटोत सूक्ष्म खरखर असते, तिथे एकही अंदाज नीट लागत नाही. म्हणून फोटोची पीएनजी जेपेगच्या कित्येक पट जड होते.

स्क्रीनशॉटमध्ये रंग मोजके असतील तर पीएनजीक्वांट हे साधन चालवा. ते चित्र जास्तीत जास्त २५६ रंगांच्या तक्त्यात बसवतं आणि वजन बऱ्याचदा निम्म्याहून खाली येतं. रंग गाळले जातात, पण अक्षरांच्या कडा तीक्ष्ण राहतात. त्यानंतर ऑक्सीपीएनजी फिरवलं की काहीही न गाळता आणखी थोडं वजन उतरतं. लॉसलेस वेबपी करताना एक फसगत सांभाळा : पीएनजीवरून वेबपी करणारी पुष्कळ साधनं न सांगता लॉसी वेबपी करतात. ‘लॉसलेस’ हा पर्याय स्वतः निवडावा लागतो. तो विसरला की तेच फिसकटलेलं लाल अक्षर परत दिसतं. आणि एव्हिफच्या लॉसलेसकडे वळू नका. स्क्रीनशॉटसाठी ते वेबपीपेक्षा जड निघण्याचीच शक्यता जास्त.

आधीच जेपेग झालेला स्क्रीनशॉट पीएनजी म्हणून सेव्ह केला तर डाग तसेच राहतात आणि वजन वाढतं, कारण आता पीएनजीला ते डागही इमानेइतबारे साठवावे लागतात. स्क्रीनशॉट नव्यानं घ्यावा लागेल.

प्रश्न : आमच्या टीममध्ये सर्व फॉरमॅटना दर्जा ८० असा नियम आहे. एव्हिफ फाइली मग जेपेगएवढ्याच जड येतात. चुकतंय कुठे?

उत्तर : नियमातच. हा आकडा टक्केवारी नाही आणि एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात नेता येत नाही. जेपेगच्या प्रचलित लायब्ररीत ५० या दर्जाला नमुन्याचा क्वांटायझेशन तक्ता (कोणती लहर किती ढोबळ करायची ते सांगणारा) जसाच्या तसा लागतो, ७५ ला त्यातले आकडे निम्मे होतात, ८० ला ४० टक्के, ९० ला २० टक्के. म्हणजे ९० वरून ९५ वर जाताना ते पुन्हा निम्मे होतात आणि फाइल झपाट्यानं फुगते, डोळ्याला मात्र फारसं काही मिळत नाही. वेबपी आणि एव्हिफ यांच्या मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. एकाच फॉरमॅटमध्येही दोन सॉफ्टवेअरचे ८० सारखे नसतात. फोटोशॉपमध्येच ‘सेव्ह ॲज’ची मोजपट्टी १२ पर्यंत आहे आणि ‘सेव्ह फॉर वेब’ची १०० पर्यंत.

सुरुवातीसाठी हे आकडे धरा : जेपेग ७५ ते ८२, लॉसी वेबपी ७५ ते ८०, एव्हिफ ५० ते ६५. मग तुमच्या वेबसाइटवरची अवघड चित्रं निवडा : केस आणि कापडाचा पोत, अंधारातला फोटो, संध्याकाळचं सपाट आकाश, झाडांची दाट पानं. आठ-दहा पुरेत. मूळ चित्र आणि दाबलेलं चित्र एकाच जागी आलटूनपालटून बघा, ब्राउझरमध्ये १०० टक्के झूमवर. स्क्वूश हे वेबसाधन याला उत्तम. मधली पट्टी सरकवून दोन्ही बाजू ताडता येतात, वजन खाली दिसतं आणि चित्र तुमच्या संगणकाबाहेर जात नाही. फरक दिसेनासा होईल तिथपर्यंत दर्जा चढवा आणि त्या फॉरमॅटसाठी तो आकडा पक्का करा. ४०० टक्के झूम करून डाग शोधू नका; वाचक तसं बघत नाही.

हजारो फाइली असतील तर डोळे पुरणार नाहीत. तिथे मूळ चित्राशी साम्य मोजणारं एसएसआयएम किंवा त्याहून डोळ्याशी जास्त जुळणारं एसएसआयएम्यूलॅक्रा-२ हे मोजमाप वापरा आणि सर्व चित्रांना एकच दर्जा न देता किमान गुण ठरवून दर्जा शोधायला लावा. धुक्याच्या फोटोला कमी दर्जा पुरतो, जंगलाच्या फोटोला नाही.

दोन फॉरमॅटची तुलना मांडताना फक्त वजनं मांडू नका. ‘एव्हिफनं निम्मं वजन वाचवलं’ या वाक्याला दर्जा सारखा होता का हे कळल्याशिवाय काही अर्थ नाही.

प्रश्न : एव्हिफ केलेल्या व्यक्तिचित्रांत त्वचा मेणासारखी गुळगुळीत दिसते आणि विणलेल्या कापडाचा पोत गायब होतो. शिवाय एकेक फाइल करायला फार वेळ लागतो.

उत्तर : एव्हिफ ही एव्ही-१ या व्हिडिओ कोडेकची (व्हिडिओ दाबण्याच्या पद्धतीची) एक स्थिर चौकट आहे. त्यात ठोकळ्यांच्या कडा लपवणारे आणि कडांभोवतीची खरखर पुसणारे फिल्टर आहेत. दर्जा खाली नेला की जेपेगमध्ये ठोकळे दिसतात आणि नुकसान लगेच लक्षात येतं. एव्हिफमध्ये हेच नुकसान गुळगुळीतपणाच्या रूपात येतं. चित्र स्वच्छ वाटतं, म्हणून दर्जा आणखी खाली नेण्याचा मोह होतो. मूळ शेजारी ठेवल्याशिवाय काय गेलं ते कळत नाही.

व्यक्तिचित्रांसाठी दर्जा १० ते १५ नं वाढवा. वजन तरीही बहुधा जेपेगपेक्षा कमीच राहील. राहिलं नाही, तर त्या फोटोला जेपेगच ठेवा. एव्हिफची प्रत जड निघाली तर टाकून द्यायची, ही तपासणी स्क्रिप्टमध्ये कायमचीच असावी. छोट्या चिन्हांच्या बाबतीत असं हमखास होतं, कारण एव्हिफच्या फाइलला सुरुवातीचा काहीशे बाइटांचा पसारा असतोच.

सपाट आकाशात पट्टे दिसत असतील तर एव्हिफ १० बिटमध्ये करून बघा. मूळ फोटो ८ बिटचा असला तरी आतली गणितं जास्त बारकाईनं होतात आणि रंगाचा उतार नितळ राहतो.

वेळेचं म्हणाल तर ‘स्पीड’ या पर्यायाकडे बघा. एव्हिफएन्क या साधनात तो ० ते १० असतो, ० सर्वांत संथ. मुळातला ६ बहुतेकांना पुरतो. त्याखाली जाल तसा वेळ भराभर वाढतो आणि वजनातली बचत थोडीच असते. वाचकानं चित्र मागितल्यावर त्याच क्षणी एव्हिफ तयार करायची रचना मात्र टाळा. चित्र चढवतानाच प्रती काढून ठेवा, नाहीतर पहिल्या वाचकाला ताटकळत बसावं लागतं.

प्रश्न : सगळे फोटो एका साधनातून दाबून घेतले. काही फोटोंचे रंग मळकट झाले, तर काही फोटो आडवे झाले. फॉरमॅटचा दोष का?

उत्तर : नाही. साधनानं फोटोबरोबरची माहिती काढून टाकली, पण तिच्यात काय लिहिलं होतं ते अमलात आणलं नाही.

मोबाइल उभा धरून काढलेला फोटो बऱ्याचदा फाइलमध्ये आडवाच साठवला जातो आणि फाइलबरोबरच्या एक्झिफ माहितीत ‘ओरिएंटेशन’ची खूण केली जाते. ही खूण १ ते ८ पैकी एक आकडा असते. ६ म्हणजे घड्याळाच्या दिशेनं ९० अंश फिरवून दाखवा. खूण पुसली की फोटो आडवा झालाच. रंगाचंही तसंच. हल्लीचे अनेक फोन डिस्प्ले पी-३ या विस्तृत रंगपटात फोटो काढतात, काही छायाचित्रकार ॲडोबी आरजीबी वापरतात. ते सांगणारा आयसीसी प्रोफाइल काढून टाकला की ब्राउझर त्याच आकड्यांना एसआरजीबी या वेबवरच्या नेहमीच्या रंगपटाचे आकडे समजतो आणि रंग फिके पडतात.

योग्य क्रम असा : आधी खुणेप्रमाणे फोटो फिरवा, मग रंग एसआरजीबीमध्ये बदला, मग माप छोटं करा, आणि सगळ्यात शेवटी माहिती पुसा. पुसायची मात्र नक्की. फोटो कुठे काढला त्याचे अक्षांश-रेखांश त्यात असू शकतात. दुसऱ्यांच्या घरचे, मुलांचे फोटो जाहीर पानावर टाकताना ही काळजी घेतलीच पाहिजे. प्रोफाइल ठेवायचा असेल तर त्याचंही वजन लक्षात घ्या. नेहमीचा एसआरजीबी प्रोफाइल ३ केबीचा असतो. मोठ्या फोटोला ते काहीच नाही, पण २ केबीच्या चिन्हाला ते अडीच पट जड करतं.

छपाईसाठीच्या सीएमवायके जेपेग फाइली कोणी दिल्या तर त्याही आधी एसआरजीबीत आणा. वेबपीत सीएमवायके नसतंच.

प्रश्न : एका छोट्या हलत्या प्रात्यक्षिकाची जिफ ८ एमबीची झाली आहे. ॲनिमेटेड वेबपी करावी का?

उत्तर : हलकी होईल, पण खरा उपाय व्हिडिओ. जिफ १९८७ चं; एका चौकटीत २५६ रंग, आणि आधीच्या चौकटीतली वस्तू जरा सरकली आहे हे त्याला कळत नाही, बदललेला भाग पुन्हा साठवावा लागतो. व्हिडिओ कोडेकचं मुख्य कामच सरकणं ओळखायचं. एच.२६४ मधली एमपी-४ करा आणि व्हिडिओ टॅगला ऑटोप्ले, म्यूटेड, लूप आणि प्लेजइनलाइन हे चारही गुण लावा. म्यूटेड नसेल तर व्हिडिओ आपोआप सुरू होत नाही. प्लेजइनलाइन नसेल तर आयफोनवर तो पानातल्या पानात चालत नाही. व्हिडिओ करणारं एफएफएमपेग हे साधन ‘रुंदी २ नं भागली जात नाही’ अशी तक्रार करत असेल तर रुंदी-उंची सम आकड्यांत आणा. ४:२:० ला ते लागतंच. पिक्सेल फॉरमॅट वाययूव्ही ४२०-पी सक्तीनं सांगा, नाहीतर जिफवरून केलेला व्हिडिओ काही ब्राउझरांत काळा दिसतो. ‘फास्टस्टार्ट’ लावा, म्हणजे फाइल पूर्ण उतरण्याआधी चालू होईल.

प्रश्न : लोगोची एसव्हीजी ४०० केबीची आहे. एसव्हीजी हलकी असते ना?

उत्तर : एसव्हीजीत पिक्सेल नसतात, रेषांचं वर्णन मजकुरात लिहिलेलं असतं. फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. आत ‘बेस ६४’ म्हणून अक्षरांची लांबलचक भिंत दिसली तर कोणीतरी पीएनजी तिच्यात कोंबली आहे, तिला एसव्हीजी म्हणण्यात अर्थ नाही. मूळ रेखांकनावरून नवी करून घ्या. रेघा खऱ्याच असतील तर एसव्हीजीओ हे फाइल हलकी करणारं साधन फिरवा. व्ह्यूबॉक्स (चित्राची हद्द सांगणारी नोंद) टिकला आहे ना ते बघा, तो गेला की लोगो चौकटीप्रमाणे लहान-मोठा होत नाही. अक्षरं रेषांमध्ये बदलून घ्या, कारण इमेज टॅगमधून आलेली एसव्हीजी बाहेरचा फॉन्ट आणू शकत नाही. सर्व्हरवर एसव्हीजीला मजकूर दाबणारं ब्रॉटली किंवा जीझिप चालू करा. ती शेवटी मजकुराचीच फाइल आहे. आणि वाचकांना एसव्हीजी चढवू देऊ नका, तिच्यात स्क्रिप्ट असू शकते.

प्रश्न : वर्डप्रेस वापरतो. वेगळं प्लगइन हवंच का?

उत्तर : वेबपी चढवायची सोय ५.८ पासून (२०२१) आहे, एव्हिफची ६.५ पासून (२०२४). पण सर्व्हरवरच्या जीडी किंवा इमॅजिक या चित्रं हाताळणाऱ्या लायब्ररीला तो फॉरमॅट यायला हवा. ‘साइट हेल्थ’च्या माहितीत ते दिसतं. चढवलेल्या जेपेगच्या छोट्या प्रती वर्डप्रेस ८२ दर्जानं काढतं आणि २५६० पिक्सेलांपेक्षा मोठं चित्र तेवढ्यावर आणतं. म्हणून घरी आधीच ६० दर्जानं दाबून चढवू नका, दोनदा दाबलं जातं. चांगली, २५६० पिक्सेलांची प्रत चढवा. जेपेगवरून एव्हिफ आपोआप व्हावं असं वाटत असेल तरच प्लगइन घ्या. आणि सेटिंग बदलल्यावर जुन्या प्रती आपोआप बदलत नाहीत, त्या पुन्हा तयार कराव्या लागतात.

प्रश्न : जुन्या जेपेग फोटोंचा मोठा संग्रह आहे, मूळ फाइली हरवल्या. सगळे एव्हिफ करून जेपेग पुसून टाकू का? की जेपेग एक्सएलची वाट बघू?

उत्तर : जेपेग पुसू नका. तेच आता तुमचे मूळ आहेत. त्यांवरून केलेलं एव्हिफ दुसऱ्यांदा गाळलेलं असतं. ते आधीचे ठोकळे आणि तरंगही चित्राचा भाग समजून साठवायला बघतं, म्हणून अपेक्षेइतकी बचतही होत नाही. वेबसाइटसाठी छोट्या मापाच्या एव्हिफ प्रती जरूर काढा. माप कमी करताना जुने डाग बरेच पुसले जातात, त्यामुळे त्या चांगल्या दिसतात. मूळ जेपेग न गाळता थोडे हलके करायचे तर जेपेगट्रॅन या साधनानं ते प्रोग्रेसिव्ह करा. पिक्सेल तेच राहतात, फक्त बांधणी बदलते. संथ जोडणीवर असा फोटो आधी धूसर आणि मग स्पष्ट होत जातो. वेबपीत ही सोय नाही.

जेपेग एक्सएल या नव्या फॉरमॅटचं खरं सामर्थ्य तुमच्यासारख्या संग्रहालाच उपयोगी आहे. जुनं जेपेग ते सुमारे २० टक्के हलकं करून साठवतं आणि हवं तेव्हा मूळ फाइल बिट न् बिट परत काढून देतं. आयएसओ मानक म्हणून ते २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं. सफारीनं २०२३ मध्ये, सतराव्या आवृत्तीत ते घेतलं. क्रोमनं मात्र प्रयोगापुरतं ठेवलेलं जेपेग एक्सएल त्याच वर्षी ११० व्या आवृत्तीत काढून टाकलं. या फॉरमॅटची गुणवत्ता बघता तो निर्णय आम्हाला पटलेला नाही, पण पान आजच्या ब्राउझरांसाठी बनवायचं असतं. संग्रह साठवायला वापरा, परत काढलेली फाइल मूळच्याशी ताडून बघा आणि पानावर एव्हिफ-जेपेगची जोडी ठेवा.

प्रश्न : आमचं सीडीएन (वेगवेगळ्या ठिकाणच्या सर्व्हरांवरून फाइली पुरवणारी सेवा) जेपेगच्या पत्त्यावरच एव्हिफ पाठवतं. काही वाचकांना चित्र दिसत नाही, आणि काही जण म्हणतात की सेव्ह केलेला फोटो उघडत नाही.

उत्तर : ब्राउझर प्रत्येक मागणीबरोबर ‘ॲक्सेप्ट’ या हेडरमध्ये (सोबत जाणाऱ्या नोंदीत) आपल्याला काय समजतं ते कळवतो, आणि त्यावरून सर्व्हर फॉरमॅट ठरवतो. उत्तरासोबत ‘व्हेरी : ॲक्सेप्ट’ हे हेडर गेलं नाही, तर मधल्या कॅशला (प्रती तात्पुरत्या साठवणाऱ्या जागेला) वाटतं की या पत्त्यावर सर्वांसाठी एकच फाइल आहे. पहिला वाचक नव्या ब्राउझरचा असला की एव्हिफ साठवलं जातं आणि जुन्या ब्राउझरलाही तेच मिळतं. हे हेडर लावा आणि सीडीएन ते पाळतं का हे तपासा. काहींमध्ये ते वेगळ्या सेटिंगनं चालू करावं लागतं. नंतर कॅश रिकामी करा, नाहीतर चुकीच्या प्रती तशाच राहतील. उत्तरातला कंटेंट-टाइप ‘इमेज/एव्हिफ’ आहे का तेही बघा. सर्व्हरला हा प्रकार माहीत नसला तर चित्राचा पत्ता थेट उघडल्यावर ते दिसण्याऐवजी डाउनलोड होतं.

सेव्ह केलेल्या फोटोची गोष्ट अशी की नाव जेपेगचं आणि आत एव्हिफ, त्यामुळे जुनं सॉफ्टवेअर गोंधळतं. यावर कॅशचं कोणतंही सेटिंग चालणार नाही. पिक्चर टॅगमध्ये प्रत्येक फॉरमॅटला त्याच्या खऱ्या नावाचा पत्ता द्या, आणि फोटो डाउनलोड करण्यासाठी जेपेगचा वेगळा दुवा ठेवा. शेअर केल्यावर दिसणाऱ्या चित्राचा पत्ताही साध्या जेपेगचाच असू द्या आणि त्या पत्त्यावर फॉरमॅट बदलणं बंद ठेवा.